रोज मरे त्याला कोण रडे: अमेरिकेला निघालेल्या लेकीच्या आईला उत्तर

पत्र: माझी लेक ऑगस्टमध्ये एम.एस. करायला डॅलसजवळच्या विद्यापीठात निघाली आहे. व्हिसा झाला, तिकीट झालं, पण मला रात्रीची झोप नाही. विमानात काही झालं तर, तिथं दहशतवादी हल्ला झाला तर, हेच डोक्यात. पहलगामनंतर आम्ही काश्मीरची सहलही रद्द केली. आमचे हे म्हणतात, "तिथं रोज माणसं गोळीनं मरतात, त्याचं तुला काही नाही, आणि कधीतरी होतं त्याला भितेस." धाकटा शिरोली एमआयडीसीत कामाला आहे, मोटरसायकलवरून जातो-येतो, त्याचं काही टेन्शन नाही. पण पोरीच्या काळजीनं जीव खालीवर होतो. माझं चुकतंय का? आणि तिला नेमकं काय सांगून पाठवू?
— एक आई, रुईकर कॉलनी, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

तुमच्या यजमानांचा हिशेब बरोबर आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांत 2,977 माणसं गेली. त्यानंतरच्या बहुतेक वर्षांत अमेरिकेच्या भूमीवर दहशतवादानं गेलेल्यांचा आकडा शंभरच्या आत राहिला. बंदुकीनं मात्र एकट्या 2023 साली 46,728 माणसं गेली. भागाकार करून पाहा, दर तेवीस दिवसांनी एक 11 सप्टेंबर होतो. या 46,728 पैकी 27,300 आत्महत्या होत्या आणि 17,927 खून. उरलेल्यांत अपघात, पोलिसांच्या गोळ्या वगैरे येतं. ही फोड ध्यानात ठेवा, लेकीला काय सांगायचं ते तिच्यावरच ठरणार आहे.

एवढं असूनही तुम्हाला रात्री विमानच दिसतं, बंदूक दिसत नाही. तुमचंच नव्हे, खुद्द अमेरिकेतल्या माणसांचंही असंच होतं. याची कारणं आपल्या गावातही सापडतात. पंचगंगेच्या काठाला गवा आला की अख्खं कोल्हापूर फोन काढून उभं राहतं, पोरांना घरात घेतात, चार दिवस दुसरा विषय नसतो. आणि रात्री लाईट आली म्हणून उसाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला घोणस चावली तर ती बातमी गावाच्या वेशीबाहेर जात नाही. सर्पदंशानं भारतात वर्षाला सरासरी 58,000 माणसं जातात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. गव्यानं जाणारी माणसं त्यापुढे नगण्य. तरी आपण गव्याला भितो, कारण तो आपल्या रोजच्या जगण्यात बसत नाही. साप अंगवळणी पडलेला आहे.

पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञानं 1987 साली माणसं धोका कसा जोखतात याची मांडणी केली. मेलेल्यांची संख्या हे माणसाचं मुख्य माप नसतं, असं त्यात दिसतं. माणूस दोन गोष्टी बघतो. एक, त्या मरणाचा धसका किती: एकाच वेळी अनेक जण जाणार का, आपल्या हातात काही आहे का, आपण ते ओढवून घेतलं की दुसऱ्यानं लादलं. दुसरी, तो धोका ओळखीचा आहे की नवखा. दहशतवादी हल्ला या दोन्हींत वर बसतो. मोटरसायकल दोन्हींत खाली, कारण हँडल आपल्या हातात असतं आणि रस्ता रोजचा असतो. बंदूक अमेरिकन माणसाला तशीच वाटते. घरात आहे, कपाटात आहे, आपल्या ताब्यात आहे.

दुसरं कारण आठवणीचं. त्वर्स्की आणि काह्नमन यांनी 1973 साली दाखवलं की, जे उदाहरण पटकन आठवतं ते वारंवार घडतं, असं मन धरून चालतं. आणि पटकन आठवतं ते, जे टीव्हीवर शंभरदा दाखवलं जातं. एप्रिल 2013 चा एक आठवडा यासाठी बघण्यासारखा आहे. 15 तारखेला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले, तिघे गेले. 17 तारखेला टेक्सासमधल्या वेस्ट नावाच्या गावात खताच्या कारखान्यात स्फोट झाला, 15 जण गेले. 19 तारखेला संशयिताच्या शोधासाठी बोस्टन आणि आसपासच्या लोकांना दिवसभर घरातच थांबायला सांगितलं, रस्ते ओस पडले. बोस्टन आज साऱ्या जगाला आठवतं. वेस्ट गाव टेक्सासच्या बाहेर किती जणांना आठवत असेल? त्याच वर्षी शिकागो शहरात चारशेहून अधिक खून झाले, बहुतेक बंदुकीनं. त्यासाठी शहर एक दिवसही थांबलं नाही.

इथं तिसरं कारण येतं आणि आमच्या मते तेच सगळ्यांत खोल आहे. दहशतवादी हल्ल्यात एक शत्रू असतो आणि मेलेला माणूस 'आपल्यातला' असतो. पहलगामला 22 एप्रिल 2025 रोजी 26 जण गेले, त्यात सहा महाराष्ट्रातले होते. सहलीला गेलेली, फोटो काढणारी, तुमच्यासारखीच कुटुंबं. 'आपण तिथं असतो तर' हे मनात आल्याशिवाय राहत नाही. तो हल्ला त्या 26 जणांच्या आडून सगळ्यांना धमकावण्यासाठीच केलेला असतो. म्हणजे तुमच्या पोटात जो गोळा येतो, तोच हल्लेखोराला हवा असतो.

रोजच्या बंदुकीत असा एक शत्रू नाही. खून मोठ्या प्रमाणात ठरावीक शहरांतल्या ठरावीक गरीब वस्त्यांत होतात आणि त्यात तरुण कृष्णवर्णीय मुलं फार जातात. पलीकडच्या मोहल्ल्यातला माणूस म्हणतो, 'ते त्यांचं आहे.' आत्महत्येचं तर घरातले लोकच बोलत नाहीत. मरणं अशी एकेक करून, वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या रात्री होतात, मग एकत्र रडायला कुणी जमत नाही. 2020 पासून अमेरिकेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. हे वाक्य आम्ही आकड्यासारखं वाचून पुढे जाऊ शकत नाही. तुम्हीही थोडं थांबा त्यापाशी.

भीती कुठं आहे त्याप्रमाणे सरकारचा पैसाही जातो. 11 सप्टेंबरनंतर दोन-अडीच महिन्यांत विमानतळांसाठी वेगळं सुरक्षा खातं उभं राहिलं आणि त्यावर आजही दरवर्षी अब्जावधी डॉलर खर्च होतात. 2025 पर्यंत तिथं सुरक्षा तपासणीत बूट काढायला लावत, तो त्याच भीतीचा वारसा. बंदुकीचं उलट झालं. 1996 साली तिथल्या संसदेनं रोगनियंत्रण केंद्राच्या खर्चाला एक अट घातली की या पैशातून बंदूकबंदीचा पुरस्कार करायचा नाही. शिवाय बंदुकांच्या संशोधनावर आदल्या वर्षी जेवढा खर्च झाला होता, तेवढेच 26 लाख डॉलर कापले. संशोधन अटीत बंद नव्हतं, पण कोण कशाला जोखीम घेईल? वीसहून अधिक वर्षं हे काम जवळजवळ थांबलं. डिसेंबर 2019 मध्ये पहिल्यांदा त्यासाठी पुन्हा अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. कुठल्या उपायानं किती जीव वाचतात हे मोजलंच नाही, तर लोकांनी भ्यायचं कशाला आणि मागायचं काय?

भीतीनं माणसं मरतातही. 11 सप्टेंबरनंतर अमेरिकन लोकांनी विमान सोडलं आणि गाडी काढली. गेर्ड गिगरेन्झर या संशोधकाच्या अंदाजानुसार पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे रस्त्यावर सुमारे 1,600 माणसं जास्त गेली. त्या दिवशीच्या चारही विमानांतल्या प्रवाशांच्या कितीतरी पट. कुठल्याही दहशतवाद्यानं त्यांना हात लावला नव्हता.

आता तुमच्या बाजूनं. यजमानांना हे वाचून दाखवा. नुसत्या संख्येनं दहशतवादाची भीती खोटी ठरत नाही. रस्त्यावरचे मृत्यू दरवर्षी साधारण तेवढेच राहतात, पण दहशतवादी हल्ला एका दिवसात तीनचा तीन हजार होऊ शकतो. त्यामागं डोकं असतं, एक दार बंद केलं की ते दुसरं शोधतं. आणि हल्ले कमी आहेत त्यात पहाऱ्याचाही वाटा आहे. काश्मीरची सहल तुम्ही त्या वेळी रद्द केलीत त्यातही काही चुकलं नाही. चूक एवढीच होते की सगळी धास्ती एका दाराशी उभी राहते आणि बाकीची दारं उघडी राहतात. तर आता त्या दारांकडे वळू.

लेकीला सांगायची पहिली गोष्ट गाडीची. अमेरिकेत 2023 साली रस्त्यांवर सुमारे 40,900 माणसं गेली, म्हणजे लाखामागे बारा. बंदुकीनं झालेले खून लाखामागे सव्वापाच-साडेपाच, आणि तेही मुख्यतः ती राहणार नाही अशा वस्त्यांत. परदेशी विद्यार्थ्यांचं काय चुकतं तर, नवीन लायसन्स, उजव्या बाजूनं चालवायची सवय नाही, पाच जण मिळून भाड्याची गाडी, आणि सुट्टी वाया जाऊ नये म्हणून रात्रभर प्रवास. मागच्या सीटवरही पट्टा, आणि रात्री बारा ते सहा लांबचा प्रवास नाही. या दोन अटी तिच्याकडून कबूल करून घ्या, बाकी घासाघीस चालेल.

खोली घेताना भाड्याबरोबर वस्ती बघायला सांगा. अमेरिकेत 1990 च्या क्लेरी कायद्यानं जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेचा अहवाल काढावा लागतो आणि त्यात मागच्या तीन वर्षांचे गुन्हे असतात. तो विद्यापीठाच्या वेबसाईटवर फुकट मिळतो. त्यात वाहनचोरीचे आकडे सोडून द्या. जबरी चोरी आणि गंभीर हल्ला या दोन ओळी बघा. एक अडचण आहे, हा अहवाल विद्यापीठाच्या आवारापुरता आणि लगतच्या रस्त्यांपुरता असतो. दोन मैलांवरच्या स्वस्त अपार्टमेंटसाठी शहर पोलिसांचा ऑनलाईन गुन्हेनकाशा बघावा लागतो. आणि पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या इशारा-मेसेजसाठी तिथला मोबाईल नंबर नोंदवायचा. पुष्कळ मुलं भारतातला नंबर देतात, मग तो बंद पडतो आणि मेसेज कुठंच पोचत नाही.

रात्रपाळीची 'कॅश'वरची नोकरी ही आम्हाला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. पेट्रोल पंप, छोटी दुकानं, मोटेल. गल्ल्यात रोकड, दुकानात एकटं माणूस, मध्यरात्र, म्हणजे लुटीला लागणारं सगळं एका जागी. विद्यार्थी व्हिसावर अशी बाहेरची नोकरी परवानगीशिवाय चालत नाही. सत्र चालू असताना आवारातली, आठवड्याला 20 तासांपर्यंतची चालते. बेकायदा नोकरीत दुसरा फास असा की, लूट झाली तरी मुलं व्हिसाच्या भीतीनं पोलिसांत जात नाहीत, आणि मालकाला ते माहीत असतं. पैशांची ओढाताण असेल तर तिनं तुम्हाला मोकळेपणानं सांगावं, एवढी वाट उघडी ठेवा. 'तिकडं गेलीस की तुझं तू बघ' हे वाक्य कुणीच, गमतीनंही, म्हणू नका. कधी लूट झालीच तर पाकीट, फोन लगेच द्यायचा, हुज्जत नाही, आणि खिशात हात घालण्याआधी 'फोन काढते आहे' असं बोलून दाखवायचं.

काही सवयी कोल्हापूरच्या आहेत, त्या इथंच ठेवून जायच्या. आपण पत्ता विचारायला कुणाच्याही अंगणात शिरतो, कडी वाजवतो. तिथं तसं नाही. 2023 साली कॅन्सस सिटीत चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवणाऱ्या 16 वर्षांच्या मुलावर घरमालकानं गोळ्या झाडल्या. तो वाचला. पत्ता चुकला तर रस्त्यावर उभं राहून फोन करायचा. आपल्याकडे पोलिसानं गाडी थांबवली की माणूस उतरून, कागद घेऊन त्याच्याकडे जातो. तिथं हेच धोक्याचं समजतात. गाडीत बसून राहायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, त्यानं मागितल्याशिवाय डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायचा नाही. रस्त्यावर कुणी कट मारला तर हॉर्न दाबून धरणं, हातवारे करणं, मागं लागणं बंद. टेक्सासमध्ये सप्टेंबर 2021 पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. समोरच्या गाडीत ते आहेच, असं धरून वागायचं.

तिनं स्वतः बंदुकीला हात लावायचा नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला तिथला केंद्रीय कायदा मनाई करतो, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडून. मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर फोटोपुरतीही नको. रूममेट ठरवताना, धूम्रपान, स्वयंपाक, भाडं यांच्यासोबत एक प्रश्न तिनं सरळ विचारावा: घरात बंदूक आहे का, आणि ती कुठं असते? तिथं हा प्रश्न उद्धट मानत नाहीत. बरं उत्तर म्हणजे गोळ्या काढलेली, कुलूपबंद पेटीत आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात. 'कपाटात वर असते' हे बरं उत्तर नव्हे, दुसरी खोली शोधावी.

आता त्या फोडीकडे या. बंदुकीनं झालेले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे आहेत. त्यात बंदुकीचा वाटा इतका मोठा असण्याचं कारण साधं आहे, तो क्षण टळला तर बहुतेक माणसं पुढे जगतात, पण बंदूक दुसरी संधी देत नाही. म्हणून कुणी मैत्रीण खचलेली दिसली आणि तिच्या घरात बंदूक असली, तर काही आठवड्यांसाठी ती बंदूक घराबाहेर हलवायला घरच्यांना सांगणं हेच मोठं काम. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं थेट विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. 988 हा तिथला चोवीस तासांचा नंबर आहे, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतो. हे तिच्या स्वतःसाठीही आहे. पहिला हिवाळा, परीक्षा, कर्ज, एकटी खोली. 'जेवलीस का' एवढ्यावर फोन संपवू नका.

सामूहिक गोळीबाराची वेळ तिच्यावर यायची शक्यता फारच थोडी आहे. तरी दोन मिनिटांत सांगून होईल एवढं सांगा. वाट असेल तर सॅक टाकून पळायचं. नसेल तर दाराला कुलूप, जड टेबल, दिवे बंद, फोन पूर्ण सायलेंट, व्हायब्रेशनही नको. पोलीस आत आले की हात रिकामे आणि वर, हातात फोनही नको. कुणाला गोळी लागून रक्त वाहत असेल तर कापड दाबून, दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबायचं. 'थांबलं का' बघायला कापड उचलायचं नाही, सगळ्यात जास्त चूक इथंच होते. हातापायावरची जखम असेल आणि आवळपट्टा मिळाला तर तो जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नको, रक्त थांबेपर्यंत आवळायचा, वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरांशिवाय सैल करायचा नाही. विद्यापीठात याचा छोटा वर्ग असतो का विचारावं. रस्त्यावरच्या अपघातातही हेच कामाला येतं.

तुमच्यासाठी टीव्हीचं एक पथ्य. 'अमेरिकेत गोळीबार' अशी पट्टी दिसली की आधी शहराचं नाव बघा. शिकागो डॅलसपासून रस्त्यानं दीड हजार किलोमीटर आहे, जवळपास कोल्हापूर ते दिल्ली. डॅलसचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागं आणि हिवाळ्यात साडेअकरा. तुमची सकाळ ही तिची रात्र, फोन उचलला नाही तर ती झोपलेली असते. ठरवून ठेवा: बातमी तिच्या शहरातली असेल तर तिनं घरच्या ग्रुपवर 'ठीक आहे' एवढंच टाकायचं आणि तुम्ही लागोपाठ फोन करायचे नाहीत. लपलेल्या माणसाचा वाजणारा फोन धोक्याचा असतो. झोप अशीच उडालेली राहिली तर 14416 या टेली-मानसच्या नंबरवर बोला. तो सरकारी आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला धाकटा. पत्रात त्याला तुम्ही एक ओळ दिलीत आणि आमचं लक्ष तिथंच अडकलं. भारतात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, महाराष्ट्रात 15,224. हेल्मेट नसलेली पन्नास हजारांवर. रस्त्यावरचे एकूण मृत्यू लाखामागे बारा, म्हणजे ज्या अमेरिकन बंदुकीच्या खुनांची गोष्ट आपण करतोय त्याच्या दुपटीहून जास्त. तो तुमच्याच घरातून, तावडे हॉटेलवरून हायवेला लागून, पंचगंगेचा पूल ओलांडून रोज जातो. हेल्मेटमुळे मोटरसायकलवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याला मार लागण्याचा 69 टक्के कमी होतो. मात्र ते डोक्यात हवं, आरशाला अडकवलेलं नको. आयएसआय खूण आणि आयएस 4151 हा क्रमांक बघून घ्या. हनुवटीखालचा पट्टा एक-दोन बोटं जातील इतकाच सैल, आणि घालून मान हलवली तर हेल्मेट वेगळं फिरता कामा नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो.

आणि गळीत हंगाम सुरू झाला की, दुसऱ्या पाळीवरून येताना वेग चाळीसच्या वर नको. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला असतो, आणि रस्त्यातच टायर बदलत उभी असलेली ट्रॉली डिपरच्या उजेडात पन्नास मीटरवरही दिसेलच असं नाही. साठच्या वेगात दिसल्यापासून थांबेपर्यंत पंचेचाळीस मीटर सहज जातात, चाळीसला पंचवीस-सव्वीस. लेकीच्या बॅगेची यादी करताय, त्याच कागदावर त्याचं नवं हेल्मेट लिहा, आणि ते ऑगस्टच्या आधी आणा.